वेटिंग लिस्टमध्ये नसलेली माणसं

आमच्या भोसरीत अधूनमधून कुठल्यातरी असोसिएशनचा सेमिनार असतो, पोहे असतात, चहा असतो आणि मग एक टायवाला ट्रेनर येऊन नोकियाची स्लाइड दाखवतो. नोकिया झाली की कोडॅक. "बदला नाहीतर संपाल" वगैरे. मागच्या रांगेत बसलेले आम्ही सगळे वर्कशॉपवाले माना डोलावतो आणि मनात मात्र आज कुठल्या मशीनवर ऑपरेटर आलाय आणि कुठल्यावर नाही याचा हिशोब चालू असतो. मला त्या स्लाइडचा राग नाहीये, पण फिनलंडची गोष्ट कशाला सांगता राव, इथून जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागलं की आकुर्डी आहे, तिथे याच्यापेक्षा भारी गोष्ट घडून गेलीये आणि तिचा शेवट अजून झालेला नाही. म्हणून ती जास्त कामाची.

बजाजची गोष्ट. आधीच सांगतो, आम्ही त्यांचे डायरेक्ट व्हेंडर कधीच नव्हतो, आम्ही टियर टू, म्हणजे जो त्यांना आणि इतरांना माल देतो त्याला आम्ही माल देतो, त्यामुळे यात कुणाची भलामण नाही आणि जुना हिशोब पण नाही. पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात ज्याच्याकडे लेथ आहे त्याचं पोट कुठेतरी फिरून फिरून दुचाकीशी जोडलेलं असतंच.

तर साठच्या दशकात इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा इथे बनायला लागली, १९७१ ला तो करार संपला आणि १९७२ ला चेतक आली. पुढचं सगळ्यांना माहितीये. लायसन्स राजचा काळ, किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, त्यामुळे गाड्या कमी आणि घेणारे ढिगाने. दहा-दहा वर्षांचं वेटिंग. पोरगी जन्माला आली की स्कूटर बुक करायची म्हणजे लग्नात जावयाला देता येते असा विनोद आमच्या अण्णांच्या पिढीत चालायचा, आणि तो पूर्ण विनोद पण नव्हता. वापरलेली चेतक नव्यापेक्षा महाग विकली जायची! कारण नवीसाठी थांबायला लागायचं आणि जुनी लगेच दारात. गाडी सुरू होत नसेल तर ती एका बाजूला कलवायची, मग परत किक मारायची, सगळा देश हे करत होता आणि कुणी तक्रार करत नव्हतं. तक्रार करणार कुणाकडे, पर्यायच नव्हता.

आता मला जे म्हणायचंय ते इथे आहे. आपण नेहमी म्हणतो की यश मिळालं की माणूस सुस्तावतो, डोक्यात हवा जाते. मला नाही पटत. बजाज सुस्तावले होते असं मला अजिबात वाटत नाही, वाळूजचा मोठा प्लांट १९८५ ला सुरू झाला, कावासाकीशी टायअप करून १९८६ ला केबी १०० मोटरसायकल आणली, नंतर १९९० ला सनी आणली कॉलेजच्या पोरापोरींसाठी. हातावर हात ठेवून बसलेली कंपनी असं करते का? १९९५ च्या आसपास तर एका आर्थिक वर्षात दहा लाख गाड्यांचा टप्पा गाठला त्यांनी. गडबड वेगळी होती. रांग एवढी लांब होती की रांगेतल्या माणसांकडे बघण्यातच सगळा वेळ जायचा. आणि रांगेत जे उभेच राहिले नाहीत ते कुणाला दिसत नव्हते, कारण ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हते ना.

कोण होती ही माणसं? एक म्हणजे गावाकडचा माणूस. त्याला कच्च्या रस्त्यावर छोट्या चाकाची स्कूटर नकोच होती, त्याला मोठी चाकं पाहिजे होती, आणि पेट्रोल पंप पंधरा-वीस किलोमीटर लांब असेल तर ॲव्हरेज पाहिजे होतं. ऐंशीच्या दशकात सरकारने १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी कंपन्यांशी करार करायला वाट मोकळी केली आणि एकदम सगळे आले, हिरो होंडा, टीव्हीएस सुझुकी, यामाहा, आणि बजाज कावासाकी पण. सुरुवात एकाच वेळेला झालीये हे लक्षात घ्या. म्हणजे बजाजला उशीर झाला हे अर्धंच खरं. पण हिरो होंडाने १९८५ ला सीडी १०० आणली ती फोर स्ट्रोक, आणि जाहिरात काय, "फिल इट, शट इट, फर्गेट इट". पेट्रोल भरा आणि विसरा. त्यात ऑइल मिसळायची भानगड नाही, प्लग काढून साफ करायची भानगड नाही. इकडे टू स्ट्रोक स्कूटरवाला डिकीत स्पार्क प्लग आणि पान्हा घेऊन हिंडतोय. हिरो होंडाची गाडी पहिल्या वर्षी काही स्कूटरला मागे टाकणार नव्हती, आकडे किरकोळच होते, आणि म्हणूनच कुणाच्या पोटात गोळा आला नसणार.

दुसरी म्हणजे बायका. हे पुण्याबाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही पण पुण्यात बायका दुचाकी चालवतात ही काही ॲक्टिव्हा आल्यानंतरची गोष्ट नाहीये, लुनापासून चालवतायत. लुना आपल्या फिरोदियांची, कायनेटिकची, ती पण १९७२ चीच. मग त्यांनीच १९८४ ला कायनेटिक होंडा आणली, बटण स्टार्ट, गिअर नाही. आमच्या मावशीकडे होती, साडी नेसून ऑफिसला जायची. चेतकचं वजन, डाव्या हाताने क्लच दाबून मूठ फिरवून गिअर टाकायचे, स्टँडवर चढवायला ताकद लागायची, तिच्यासाठी ती गाडी नव्हतीच. त्यामुळे तिचं नाव चेतकच्या वेटिंगमध्ये कधी लागलंच नाही. आता तुम्ही कितीही चांगलं मार्केट रिसर्च करा, तुमच्या कस्टमरला विचारलंत तर तो म्हणणार लवकर द्या, अजून द्या. तुम्हाला हा मेसेज कधीच मिळणार नाही की "आम्हाला हे नकोय", कारण ज्याला नकोय तो तुमच्याशी बोलत नाहीये.

"हमारा बजाज" ती जाहिरात १९८९ ची. अजून अंगावर काटा येतो ऐकून, खोटं कशाला बोलू. पण धंदेवाल्याच्या नजरेने बघितलं तर मला उलटंच वाटतं, ज्या गाडीसाठी दहा वर्षं लोक थांबत होते तिची एवढी मोठी भावनिक जाहिरात करायची वेळ आली म्हणजेच रांग आटत आली होती. तोपर्यंत एलएमएलची व्हेस्पा पण बाजारात होती. जाहिरात हिट झाली, गाण्याने देश जिंकला, आणि पुढच्या दहाएक वर्षांत देश मोटरसायकलवर गेला.

नव्वदच्या शेवटी शेवटी मोटरसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. २०००-०१ ला बजाजचा नफा दणकून घसरला. २००१ ला हिरो होंडा देशातली एक नंबरची दुचाकी कंपनी झाली. आमच्या इथे त्या दिवसांत चहाच्या टपरीवर फक्त व्हीआरएसच्या, म्हणजे पैसे घेऊन स्वतःहून रिटायर व्हायच्या, गप्पा असायच्या, कुणाला किती मिळाले, कुणी रिक्षा घेतली, कुणी गावाला घर बांधलं. आणि व्हेंडरची यादी छाटायला लागले. ते आमच्यासाठी जास्त भयानक होतं, कारण कामगाराला निदान व्हीआरएस मिळते, व्हेंडरला नुसतं पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे किती माल द्यायचा तो कागद, येत नाही. पत्र नाही, फोन नाही, शेड्यूलच येत नाही!

मग २००१ च्या शेवटी पल्सर. याबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात सांगतो. चाकणचा नवा प्लांट त्याच्या दोनेक वर्षं आधीचा. तोपर्यंत भारतात मोटरसायकल म्हणजे ॲव्हरेज, दुसरा मुद्दाच नाही, त्यात यांनी १५० आणि १८० सीसी आणून "डेफिनिटली मेल" म्हणून विकली (आज असली जाहिरात करून दाखवा, ट्विटरवर दोन तासात माफी मागायला लावतील). मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी हिरो होंडाशी तिच्या पिचवर मॅच खेळायचा हट्ट सोडला. स्प्लेंडर घेणाऱ्याला आपल्याकडे ओढण्यापेक्षा ज्याला स्प्लेंडर बोअर वाटते पण दुसरं काही घ्यायला नाहीये असा पोरगा शोधला. म्हणजे परत तेच, दुसऱ्याच्या रांगेत नाइलाजाने उभा असलेला माणूस. आणि यातलं बरंचसं काम जपानी पार्टनरचं ड्रॉइंग कॉपी न करता इथल्या इंजिनिअर लोकांनी केलं, याचा आमच्या पट्ट्यात अजून अभिमान आहे.

इथे ट्रेनर लोकांची स्लाइड संपते. टाळ्या. पण खरी गंमत याच्यानंतर आहे.

पल्सरच्या यशातून कंपनीचे एमडी राजीव बजाज यांनी जो धडा घेतला तो असा की फोकस पाहिजे, आपण मोटरसायकलवाले, बास. २००५ च्या शेवटी चेतकचं उत्पादन थांबलं. २००७ ला आकुर्डीत गाड्या बनणं बंद झालं, त्याच वर्षी उत्तराखंडमध्ये पंतनगरचा प्लांट सुरू झाला. २००९ ला तर स्कूटरच्या धंद्यातूनच बाहेर पडायचं ठरवलं. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी तेव्हा उघड सांगितलं की मला वाईट वाटतंय, मला हे पटलेलं नाही. बाप-लेकाचं जाहीर मतभेदाचं असं उदाहरण आपल्याकडे फार कमी. तेव्हा सगळे म्हणाले की म्हातारा भावनिक झालाय, पोरगा प्रॅक्टिकल आहे.

आणि मग काय झालं? स्कूटर परत आली की! होंडाची ॲक्टिव्हा, जी पल्सरच्याच वर्षी आली होती, ती गुपचूप वाढत वाढत एवढी झाली की मधल्या काळात स्प्लेंडरलाही मागे टाकून देशातली सगळ्यात जास्त खपणारी दुचाकी झाली. रस्ते सुधारले, शहरं वाढली, घरातल्या बाईच्या हातात पगार आला, एकच गाडी सगळ्यांनी चालवायची तर गिअर नसलेली बरी. आमच्या मावशीसारख्या लाखो बायका. ज्या १९८४ ला पण रांगेत नव्हत्या आणि २००९ च्या एक्सेल शीटमध्ये पण नव्हत्या. आणि या बाजारात हमारा बजाजवाल्यांची एक पण स्कूटर नाही, दहा वर्षं.

म्हणून मला ते "बदला नाहीतर संपाल" फार उथळ वाटतं. बजाज बदलले होते की, मस्त बदलले होते. पण एकदा बदल जमला की तो बदलच नवीन सवय होऊन बसतो, आणि ती सवय जुन्या सवयीपेक्षा जास्त घट्ट असते कारण तिच्यामागे "आम्ही करून दाखवलं" हे असतं. स्कूटरचा हट्ट सोडायला वीस वर्षं लागली आणि मोटरसायकलचा हट्ट धरायला पाच. डिस्कव्हरचं बघा ना. २००४ ला १२५ सीसीची डिस्कव्हर आली, छान चालली, मग १३५ आली, मग १००, मग १५०, शेवटी शोरूमवाल्याला पण समजेना की यातली कुठली कुणाला विकायची, आणि एक चांगलं नाव वाया गेलं. याला सुस्ती म्हणाल का? उलट अतिउत्साह आहे.

मी बजाजला शिव्या घालतोय असं वाटत असेल तर थांबा, कारण एका बाबतीत मला ही कंपनी फार हुशार वाटते. त्यांनी अंडी एका टोपलीत ठेवली नाहीत. रिक्षा होत्याच. भारतात ज्या बॉक्सरचं नाव आपण विसरलो ती बॉक्सर आफ्रिकेत बाइक टॅक्सीवाल्यांची लाडकी गाडी आहे, नायजेरियात वगैरे. २००७ ला ऑस्ट्रियाच्या केटीएम या बाइक कंपनीत हिस्सा घेतला, तेव्हा इथे किती जणांना केटीएम माहिती होती. २०२३ ला ट्रायम्फची ४०० सीसी चाकणला बनायला लागली. त्यामुळे स्कूटरमध्ये नाक कापलं गेलं तरी घर चालू राहिलं. सगळ्यांनाच हे जमत नाही, त्याला आधी पैसा लागतो, आणि तो चांगल्या दिवसातच लावायला लागतो जेव्हा लावायची काहीच गरज वाटत नसते. वाईट दिवसात बँक दारात उभी करत नाही.

ऑक्टोबर २०१९ ला चेतक परत दाखवली, इलेक्ट्रिक, पत्र्याच्या बॉडीची. जानेवारी २०२० ला पुणे आणि बंगळुरूमध्ये विक्री सुरू आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन, नशीब बघा. सुरुवातीला फार हळू चाललं, स्टार्टअपवाले पुढे निघून गेले, लोक हसायचे. २०२२ ला आकुर्डीतच चेतकचा वेगळा प्लांट सुरू झाला, ज्या आकुर्डीत काम थांबलं होतं तिथेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत राहुल बजाज गेले. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीच्या आकड्यात चेतक इलेक्ट्रिक दुचाकीत एक नंबरला आली. आणि २०२५ ला चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि मोटरला लागणाऱ्या त्या एवढ्याशा चुंबकापायी उत्पादन अडखळलं. मधे २०२४ च्या जुलैमध्ये सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ पण आणली. ती चालेल का? मला खात्री नाही, पण इलेक्ट्रिक विकता विकता सीएनजी आणि पेट्रोल तिन्हीवर पैसे लावणं मला आवडलं, म्हणजे यावेळी "आम्हाला उत्तर सापडलंय" असं कुणी समजत नाहीये.

आता आमच्यासारख्या छोट्यांचं. आमच्याकडे बरीच वर्षं किक शाफ्टचा जॉब चालायचा. फोर्जिंग यायचं, आम्ही टर्निंग करायचो, स्प्लाइन काढायच्या, हार्डनिंगला बाहेर पाठवायचं, परत आलं की ग्राइंडिंग. डबल शिफ्ट. आता तुमच्या घरी नवी बाइक असेल तर बघा तिला किक आहे का. बऱ्याच गाड्यांना नाहीये, नुसतं बटण. किक एका दिवसात गेली नाही, एकेका मॉडेलमधून हळूच गेली, शेड्यूल थोडं कमी, मग परत वाढलं, मग अजून थोडं कमी. एप्रिल २०२० ला बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, तेव्हा कार्बोरेटरचे छोटे पितळी पार्ट बनवणाऱ्यांचं काय झालं ते आमच्या लाइनमधल्या बंद शटरना विचारा. आणि इलेक्ट्रिकमध्ये तर पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. ॲक्सल, ब्रेक, फोर्क, बेअरिंगचे बुश हे राहणार.

यात अण्णांचं आणि माझं एका गोष्टीवर कायम वाजतं. अण्णा महिन्याच्या शेवटी डिस्पॅचचा आकडा बघतात. "अरे मागच्या वर्षीपेक्षा जास्त गेलाय माल, कशाला डोक्याला ताप करून घेतोस?" मी म्हणतो, "अण्णा, माल जास्त गेला हे मान्य, पण तुम्ही मला सांगा नवीन ड्रॉइंग शेवटचं कधी आलं आपल्याकडे?" डिस्पॅच म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी मिळालेल्या पार्टचं फळ. नवीन मॉडेलचं डेव्हलपमेंट सुरू होताना कोटेशनसाठी कुणाला बोलावलं, ते खरं. जुना पार्ट मस्त चाललेला असतो, शेड्यूल भरलेलं असतं, रिजेक्शन नाही, पेमेंट वेळेवर, सगळं झकास, आणि तिकडे कस्टमरच्या डेव्हलपमेंटमध्ये नव्या गाडीच्या पार्टची चर्चा चालू असते ज्यात आपलं नावच नाही. आपल्याला कुणी नाकारत नाही, विचारतच नाहीत. किती कोटेशन गेली आणि त्यातली किती ऑटोच्या बाहेरची, ही एक वही मी ठेवायला लागलोय, अण्णा तिला "पोपटाची चिठ्ठी" म्हणतात.

अण्णांचं म्हणणं पण चूक नाही हं. शेजारच्या गाळ्यात एकजण इलेक्ट्रिकचं वारं आलं म्हणून चालू जॉब सोडून मोटर हाउसिंगसाठी कर्जाने व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेऊन बसला, ज्या स्टार्टअपसाठी घेतली तिने मॉडेलच बदललं. घाई करणारा पण मरतो. अण्णा म्हणतात, चालू जॉबच्या पैशातूनच नवीन शिकायचं, कर्ज काढून शिकायचं नाही, आणि मशीन असं घ्यायचं की एक जॉब गेला तरी दुसरा लागेल. यावर आमचं एकमत आहे, भांडण फक्त कधी यावर. ते म्हणतात दिवाळीनंतर बघू. कुठली दिवाळी ते सांगत नाहीत.

सध्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या स्पूलचं, म्हणजे आत सरकणाऱ्या दांडीचं, एक काम आलंय, शेतीच्या अवजारांसाठी. आमच्या सवयीपेक्षा टॉलरन्स फार टाइट, दोन-तीन मायक्रॉनचा खेळ, आमच्या ग्राइंडरवर पहिल्या लॉटमध्ये पीस इकडे तिकडे होतायत. मशीन घेण्याआधी सॅम्पल बाहेरून करून बघायचेत. भोसरी किंवा तळवड्यात छोटे लॉट घेणारा, मोजून देणारा आणि फोन उचलणारा सेंटरलेस ग्राइंडिंगवाला कुणाला माहिती असेल तर कळवा. तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत, त्यातली शेवटची जरा जास्तच.